आडवं भागिले उभं

सरांनी पहिला संशय घेतला तो माझ्यावरच. पांढरकवड्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी संगणक शिकवायला रुजू झाले, त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी लॅबमध्ये गेले तर सर सात नंबरच्या संगणकासमोर उभे. पडद्यावर त्यांनी एक मोठं वर्तुळ काढलं होतं आणि खिशातलं रुपयाचं नाणं त्यावर धरून ते एक डोळा मिटून बघत होते.

"मॅडम, काल या मशीनवर कोण बसलं होतं?"

"मीच होते सर."

"तुम्ही रिझोल्यूशन बदलवलं."

प्रश्न नव्हता, सरळ आरोप होता. मी म्हटलं, हो, मागच्या बाकावरच्या मुलींना अक्षरं बारीक दिसत होती, म्हणून एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट करून ठेवलं. त्यांनी नाणं काढलं नाही. मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "पाहा. नाणं गोल आहे. मागचं वर्तुळ वर-खाली बाहेर येऊन राह्यलं. उभं अंडं झालं. हा मॉनिटर पाच बाय चारचा. तुम्ही त्याच्यात चार बाय तीनचं चित्र कोंबलं. त्यानं ताणून घेतलं, अन् तुम्हाले सांगतलं बी नाही."

मी संगणकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेलं. यवतमाळच्या घरात सगळे नोकरीवाले, मोजूनमापून बोलणारे. पण पाच बाय चार आणि चार बाय तीन यांच्यातला एवढासा फरक डोळ्यांनी पकडणारा माणूस मी पाहिला नव्हता. माझ्या लेखी दोन्ही चौकोनीच. मी तसं म्हटलंही. त्यावर सर म्हणाले, "एवढंसंच फसवते मॅडम. जास्त फसवलं तर आपल्याले समजत नाही काय?"

सर मुळात चित्रकलेचे आणि भूमितीय रेखाटनाचे शिक्षक. पुष्कळ वर्षांपूर्वी महाविद्यालयात पहिले चार संगणक आले तेव्हा हात लावायला कुणी तयार होईना, म्हणून ते सरांच्या गळ्यात पडले. तेव्हापासून ते लॅबचे प्रमुख. सहा फूट उंच, काटकुळे, डावा खांदा थोडा खाली आलेला. उन्हाळा-हिवाळा पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट. खिशात पोलादी फूटपट्टी, पँटच्या खिशात गुंडाळीची टेप, टेबलाच्या खणात भिंग. मुलं त्यांना मागून 'टेप सर' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. कोण म्हणतं याची यादीही असावी त्यांच्याकडे, कारण काळ्या कव्हरच्या एका वहीत ते सारखं काहीतरी टिपून ठेवत आणि कुणी जवळ आलं की वही मिटत.

माझं नाव त्या वहीत असणार असं मला पहिल्या महिन्यापासून वाटायचं. मी लॅबची खिडकी उघडली की ते लिहायचे, मी लवकर निघाले की लिहायचे. एकदा ते प्राचार्यांकडे गेले असताना वही टेबलावर उघडीच राहिली. मी वाचली. माझं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, 'मॅडमनी तीन, नऊ व अकरा तपासले. वर्तुळ बरोबर.' खाली तारीख. बस, एवढंच. मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही, कारण वाचताना मी दाराकडे लक्ष ठेवून होते.

त्यांचं एक वाक्य लॅबमध्ये शिकलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. "आडवं भागिले उभं. बाकी सगळं बोलणं." काहीही समोर आलं की त्याची रुंदी भागिले उंची काढायची. पडद्याची तर काढायचेच, पण कॅलेंडरची, फळ्याची, बसच्या खिडकीची, निमंत्रणपत्रिकेचीसुद्धा. माणसांनाही ते याच मापाने लावत. प्राचार्य पाच बाय चार. मला एकदा म्हणाले, "तुम्ही सोळा बाय दहा."

"म्हणजे काय सर?"

"चांगलं माप आहे ते. पण आता कोणी बनवत नाही. ना पुरतं जुनं, ना पुरतं नवं."

मी दोन दिवस विचार करत होते की ही स्तुती होती की काय.

तेराशे सहासष्ट बाय सातशे अडुसष्ट या मापावर मात्र त्यांचा दात होता. लॅपटॉप घेतलेला कुठलाही विद्यार्थी पेढे घेऊन आला की ते पेढा हातात धरूनच विचारायचे, "पडदा कितीचा?" पोरानं अभिमानाने तेराशे सहासष्ट सांगितलं की सर फळ्याकडे वळत. "हे सोळा बाय नऊ म्हणून विकतात. सातशे अडुसष्टले नवानं भाग. पंच्याऐंशी पूर्णांक तेहतीस. आता तेराशे सहासष्टले सोळानं भाग. पंच्याऐंशी पूर्णांक साडेसदोतीस. दोन्हीकडून उत्तर सारखं याले पाहिजे का नाही? मग हे सोळा बाय नऊ कसं? ज्याले भाग जात नाही त्याच्यावर भरोसा कायले ठेवता?" पोरगं बिचारं पेढ्यांचा डबा घेऊन उभं. हा फरक डोळ्यांना कधीच दिसणार नाही, असं मी एकदा मधे पडून म्हटलं. सर म्हणाले, "दिसला नाही म्हणजे नसते काय?"

असा माणूस लग्नाला नेण्यात धोका असतो, हे आम्हाला दिग्रसला कळलं. आमच्या लिपिकाच्या मुलीचं लग्न होतं. लिपिक म्हणजे महाविद्यालयातलं जुनं खोड, सगळ्यांची अंडीपिल्ली माहीत असलेला माणूस. कापसाच्या जिनिंगच्या मोकळ्या आवारात मांडव, स्टेजच्या दोन्ही बाजूंना मोठे पडदे, त्यावर नवरा-नवरी दिसत होते. सर जेवायला बसेनात. पडद्याकडे बघत उभे. मग शूटिंगवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "पोरगी बारीक आहे. तुम्ही तिले जाडी काहून करून राह्यले?"

शूटिंगवाल्याला वाटलं म्हातारा भांडायला आला. तो म्हणाला, काका, पडदा पूर्ण भरायला पाहिजे, नाहीतर बाजूला काळं दिसते. सर म्हणाले, "काळं दिसू द्या. काळं खरं आहे." नवरीचा मामा तिथे आला, त्याने फक्त 'पोरगी जाडी' एवढंच ऐकलं होतं. पुढची पंधरा मिनिटं मी आणि लिपिक मामाला धरून होतो. तोवर सरांनी शूटिंगवाल्याच्या हातून सेटिंग बदलून घेतलं होतं. पडद्याच्या दोन्ही कडांना काळे पट्टे आले आणि मधे नवरी एकदम जशी होती तशी दिसायला लागली. बायका म्हणाल्या, आता कशी गोड दिसते. सर जेवायला बसले.

हा संशय आला कुठून, याच्या गावात तीन-चार कथा होत्या. कुणी म्हणे त्यांच्या बहिणीचं स्थळ फोटोपायी मोडलं, कुणी म्हणे त्यांना स्वतःलाच कुठे तरी फसवलं होतं. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "सांगणाऱ्यानं मोजलं होतं काय?" मग मी कोणत्याच कथेवर विश्वास ठेवला नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला घेतलं तो सांगते. माझ्या नोकरीचं सहावं वर्ष होतं. मे महिना, सुट्ट्या सुरू. लॅबसाठी तीस नवे मॉनिटर मंजूर झाले होते आणि त्यांची खोकी लॅबमध्ये भिंतीला लावून रचली होती. प्रत्येक खोक्यावर पुरवठादाराचं सील. कागदावर लिहिलं होतं, साडेएकवीस इंच, एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी. जूनमध्ये कुणी मोठे पाहुणे येऊन उद्घाटन करणार होते आणि प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं की तोवर एकही खोकं उघडायचं नाही.

खोकी आली त्याच दिवशी सरांनी टेप काढली होती. खोक्याची बाहेरून रुंदी त्यांनी तीनदा मोजली. मग मला म्हणाले, "अठ्ठेचाळीस सेंटीमीटर भरते. साडेएकवीस इंचाचा सोळा बाय नऊचा पडदाच पावणेअठ्ठेचाळीस सेंटीमीटरच्या आसपास होते. मग चौकट कुठं, थर्माकोल कुठं? हा पडदा या खोक्यात जाईन कसा?" त्यांनी दोन वेळा लेखी अर्ज दिला की खोकी उघडून तपासू द्या. प्राचार्य दोन्ही वेळा म्हणाले, "सर, तुम्हाला देवावर तरी विश्वास आहे का?" आणि अर्ज बाजूला ठेवला.

त्या आठवड्यात शुक्रवारी सरांनी रजा टाकली. पुसदला बहीण आजारी आहे, जातो, असं सगळ्यांसमोर सांगितलं.

सोमवारी लिपिक उद्घाटनाच्या तयारीसाठी लॅबमध्ये गेला आणि धावत आला. चार खोक्यांची सीलं कापलेली होती आणि खोकी भरत होती एकोणतीस.

प्राचार्यांच्या खोलीत भिंतीवर मोठा नवा टीव्ही लावला होता, त्यावर कॅमेऱ्यांचं चित्रण दिसायचं. लॅबसमोरच्या व्हरांड्यात एक कॅमेरा होता, बराच जुना, उंचावर कोपऱ्यात बसवलेला. प्राचार्य, लिपिक आणि मी बघायला बसलो. शनिवारी दुपारी एकच्या सुमारास एक माणूस लॅबमधून बाहेर आला. उन्हाचे दिवस, त्यामुळे डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, नुसते डोळे उघडे. आमच्याकडे मे महिन्यात सगळेच असे फिरतात. बुटका वाटत होता, रुंद, भरल्या अंगाचा. हातात एक आडवी चौकट होती, ती छातीशी धरलेली. कुलूप लावून तो कॅमेऱ्याच्या दिशेने चालत आला आणि जिन्याकडे वळला.

"मॉनिटरच आहे ना तो?" प्राचार्य म्हणाले.

"मॉनिटरच साहेब," लिपिक म्हणाला. "आकारच सांगते."

आणि मग मी बोलले. कुणी मला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मारोतीसारखा वाटतो."

मारोती आमचा शिपाई. अकरा वर्षांपासून कंत्राटी. बुटका, आडव्या बांध्याचा, खांदे रुंद. पांढरकवड्यापासून आत जंगलाच्या कडेला कोलाम आदिवासींचं एक पोड आहे, पाच-पंचवीस घरांची वस्ती, तिथून तो रोज सायकलने यायचा. सकाळी लॅब तोच उघडायचा आणि झाडायचा. किल्ली ऑफिसातल्या खिळ्यावर असायची, ती तोच काढायचा. पांढरा दुपट्टा त्याच्याकडेही होता.

मी नाव घेतलं मात्र, खोलीतल्या सगळ्यांना तो मारोतीच दिसायला लागला. लिपिक म्हणाला, "चालही त्याचीच. पोडावरच्या माणसाले मॉनिटर कायले पाहिजे? विकला असन कुठं तरी." प्राचार्य म्हणाले, "मला आधीपासून शंका होतीच." कशाची शंका आणि कधीपासून, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मारोतीला बोलावलं. तो टीव्हीसमोर उभा राहिला आणि शेवटपर्यंत बघितलं.

"हा मी नाही साहेब."

"मग कोण आहे?"

"मले नाही माहीत. शनिवारी मी पोडावर होतो."

"कोणी सांगेल का तसं?"

"माझे लोक सांगतीन."

लिपिक हसला. प्राचार्यांनी मारोतीला सांगितलं की उद्यापासून यायचं नाही, गुरुवारपर्यंत मॉनिटर परत आला तर ठीक, नाहीतर पोलिसांत तक्रार जाईल. मारोतीने खिशातल्या सगळ्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघत होते.

सर बुधवारी सकाळच्या एसटीने पुसदहून परत आले. फोन त्यांच्याकडे साधा बटणांचा, तोही ते प्रवासात बंद ठेवत. त्यामुळे त्यांना काहीच माहीत नव्हतं. स्टँडवरच्या चहावाल्याने सगळं सांगितलं. पिशवी घेऊनच ते महाविद्यालयात आले आणि थेट प्राचार्यांच्या खोलीत गेले. मी तिथेच होते. लिपिक तक्रारीचा मसुदा वाचून दाखवत होता.

सर म्हणाले, "मले ते चित्रण दाखवा."

लिपिकाने लावलं. सर उभ्यानेच बघत राहिले. माणूस कॅमेऱ्यासमोर आला तेव्हा म्हणाले, "अठी थांबवा." टीव्हीवरचं चित्र थांबलं. सरांनी पोलादी फूटपट्टी काढली आणि टीव्हीजवळ गेले. माणसावर नाही लावली. व्हरांड्याच्या टोकाच्या भिंतीवर एक घड्याळ होतं, ते चित्रात मागे दिसत होतं, त्यावर लावली.

"आडवं चार सेंटीमीटर," ते म्हणाले. "उभं तीन. लिहा."

"सर, इथे चोरीचं चाललंय," प्राचार्य म्हणाले.

"होय. लिहा तुम्ही."

लिपिकाने प्राचार्यांकडे बघितलं आणि लिहिलं. मग सर मला म्हणाले, "मॅडम, चला." आम्ही सगळे व्हरांड्यात गेलो. त्यांनी मला स्टुलावर चढायला लावलं, टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि खऱ्या घड्याळाचं माप घेतलं. आडवं तीस सेंटीमीटर. उभं तीस सेंटीमीटर.

"घड्याळ गोल आहे," सर म्हणाले. "टीव्हीत अंडं आहे. म्हणजे टीव्हीतलं सगळंच चार-तृतीयांश जाडं झालेलं आहे. कॅमेरा जुना, चार बाय तीनचा. टीव्ही नवा, सोळा बाय नऊचा. त्यानं चित्राले दोन्हीकडून धरून ओढलं. अन् कॅमेरा वरून पाहून राह्यला, म्हणून माणूस बुटका वाटते. आता मारोतीले बोलवा."

"तो गावाकडे आहे," लिपिक म्हणाला.

"नाही. बाहेर झाडाखाली बसून आहे. मी येताना पाह्यलं."

मारोती खरंच फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसला होता. आदल्या दिवशीही येऊन तिथेच बसला होता म्हणे, आत यायची मनाई होती म्हणून बाहेर. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. किंवा कुणी बघितलं नव्हतं.

सरांनी त्याला दुपट्टा बांधून लॅबच्या दारातून चालत यायला लावलं आणि नेमक्या त्या जागी उभं केलं. आम्ही आत टीव्हीवर बघितलं. पडद्यावरचा मारोती एखाद्या धान्याच्या कोठीसारखा दिसत होता. रुंदीला तर होताच, पण त्याचं डोकं दाराच्या कडीपर्यंतसुद्धा येत नव्हतं. शनिवारच्या माणसाचं डोकं कडीच्या बरंच वर होतं. लिपिकाने दोन्ही चित्रं मागे-पुढे करून तीनदा बघितली.

मग सरांनी रिमोट घेतला आणि टीव्हीचं माप चार बाय तीनवर आणलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, मधलं चित्र आक्रसलं, आणि शनिवारचा तो भरल्या अंगाचा माणूस आमच्या डोळ्यांसमोर बारीक झाला. उंच, काटकुळा. त्याच्या हातातली ती आडवी चौकटसुद्धा बदलली. ती आता आडवी नव्हती, चारी बाजू सारख्या होत्या.

"आडवं भागिले उभं, एक," सर म्हणाले. "चौकोनी मॉनिटर कोणती कंपनी बनवते? तो पुठ्ठा आहे."

मी चित्रातल्या माणसाचा डावा खांदा बघत होते. तो थोडा खाली आला होता. मला कळलं. मी तोंड बंद ठेवलं. डोक्यात एकच होतं, आता इथून उठावं आणि हे कुणाला दिसू नये.

पण सर बोलत होते. "हा मी होय. शुक्रवारी रजा टाकली, पण गाडी शनिवारी संध्याकाळची पकडली. माझ्याजवळच्या किल्लीनं लॅब उघडली. चार खोकी कापली. या पुठ्ठ्यावर मी वर्तुळ अन् चौकोन आखले होते, पडद्याशी जोडून पाहाले." त्यांनी पिशवीतून काळी वही काढून टेबलावर ठेवली, उघडून. "चारही मॉनिटर साडेअठरा इंचाचे आहेत. साडेएकवीसचं लेबल वरून चिकटवलं. आत पडदा तेराशे सहासष्टचा. एक रेघ काळी, एक रेघ पांढरी असं चित्र लावून भिंगातून पाह्यलं, रेघा एकमेकीत मिसळून चिखल होते. खरा असता तर सुट्या दिसल्या असत्या. अन् खोकी शनिवारीच एकोणतीस होती. हे पाहा लिहिलं आहे. तिसावं आलंच नाही. आल्याची सही मात्र तीसची आहे."

सही प्राचार्यांची होती.

मग प्राचार्य म्हणाले, "सर, आल्या आल्या सरळ सांगायचं ना, की तो तुम्ही होता म्हणून."

"सांगतलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, सर मारोतीले वाचवून राह्यले. बोलण्यावर कोण भरोसा ठेवते साहेब? मी तरी कुठं ठेवतो?"

पुढे जे झालं ते थोडक्यात सांगण्यासारखंच आहे. उद्घाटन पुढे ढकललं गेलं. पुरवठादाराची गाडी येऊन सगळी खोकी घेऊन गेली आणि महिनाभरात नवी आली, मोठी, तीसच्या तीस. काहीतरी चुकीची खेप आली होती, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. सरांना परवानगीशिवाय सीलं तोडल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी दिलेलं उत्तर मी पाहिलं आहे. तीन वाक्यांचं होतं. 'सील तोडले. मोजले. मोजमाप सोबत जोडले आहे.' लॅबचा कार्यभार त्यांच्याकडून काढून मला देण्यात आला आणि निवृत्तीपर्यंतचं दीड वर्ष ते ग्रंथालयात बसले. नव्या मॉनिटरवर त्यांनी काम केलंच नाही. एकदा मी त्यांना बोलावलं, तर दारातूनच बघून म्हणाले, "बरोबर आहेत," आणि गेले.

मारोतीला त्याच दिवशी परत घेतलं. प्राचार्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून 'गैरसमज झाला' असं म्हटलं. लिपिकाने त्याला चहा आणून दिला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी, तो लॅब झाडत असताना गेले. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, ऐन वेळी भलतंच बोलले.

"मारोतीभाऊ, त्या टीव्हीवर तसंच दिसत होतं हो. सगळ्यांनाच तसं वाटलं."

तो झाडायचा थांबला नाही. "टीव्ही तर तुम्ही सोमवारी पाह्यला मॅडम," तो म्हणाला. "मले तर सहा वर्सांपासून पाहून राह्यल्या."

एवढं बोलून त्याने केर भरला आणि गेला. तो अजून तिथेच आहे. अजून कंत्राटीच. माझ्याशी नीट बोलतो, काही अडलं तर मदत करतो. पूर्वी दुपारी लॅबमध्ये पंख्याखाली बसून डबा खायचा आणि पोडावरच्या गोष्टी सांगायचा, त्याच्या घरच्या बोलीतले शब्द मला शिकवायचा. आता डबा बाहेर खातो.

सर निवृत्त झाल्यावर मारेगावला राहायला गेले. तिथे त्यांचं स्वतःचं लहानसं घर आहे. दोन वर्षांपूर्वी एका परीक्षेच्या कामाने मी मारेगावला गेलेच होते, तर त्यांच्याकडे डोकावले. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. फाटक वाजलं तेव्हा आधी नाव विचारलं आणि मग कडी काढली. बहीण पुसदहून येऊन त्यांच्याजवळ राहत होती, तिने चहा केला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं ते मनात होतं. मी म्हटलं, "सर, एक सांगायचं राहून गेलं. त्या वेळी मारोतीचं नाव पहिल्यांदा मीच घेतलं होतं."

"माहीत आहे," सर म्हणाले. "लिपिकानं त्याच दिवशी सांगतलं होतं."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"त्यात काय बोलाचं? चित्र खोटं होतं, तुम्ही फसल्या. कोणीही फसते." त्यांनी कप खाली ठेवला. "मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करून राह्यलो होतो मॅडम. मी चित्र सरळ केलं, तेव्हा तुम्ही मले ओळखलं. तुमचं तोंड मी पाह्यलं. बाकी दोघांच्या आधी ओळखलं तुम्ही."

मी हो म्हटलं.

"अन् गप्प बसल्या."

"हो."

"खोट्या चित्रात मारोती दिसला, तर नाव घ्याले तुम्हाले एक मिनिट बी नाही लागला. खऱ्या चित्रात मी दिसलो, तर तुम्ही नाव घेतलं नाही. काहून?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मोजमाप घेताना असायचा तसाच तो आवाज होता, उत्तर काहीही येवो, ते लिहून घ्यायला तयार असलेला. बहीण आतून म्हणाली, ऊन उतरलं की निघा, आत्ता फार तापलं आहे. मला उत्तर येत होतं. मी ते दिलं नाही, आणि सरांनीही ते पुन्हा विचारलं नाही. फाटकापर्यंत सोडायला मात्र आले.